चि. मनूस, पॅरिसला निघण्यापूर्वी

सांगली
दि. १३ जून २०२४

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी 'एखादे मूल दगावले तर, याखेरीज तुम्हाला दुसरे काही सुचतच नाही का?' असे विचारून तू फोन ठेवलास. तुझ्या आईचे म्हणणे असे की तू निघेपर्यंत मी हा विषय पुन्हा काढू नये, आणि मीही तसेच ठरवले होते. परंतु तू जनुकोपचाराच्या कामासाठी ज्या संस्थेत चालली आहेस तिच्याविषयी गेले काही महिने मी जे वाचत आलो, ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि तोंडी सांगू लागलो की आपल्या दोघांचे काय होते हे तुला ठाऊकच आहे. म्हणून लिहितो.

पॅरिसचे नेकर हे रुग्णालय मला नावाने फार पूर्वीपासून माहीत होते, कारण लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली स्टेथोस्कोपची कल्पना तिथेच अमलात आणली, हे आमच्या डीएमएलटीच्या, म्हणजे प्रयोगशाळा-तंत्रज्ञाच्या, वर्गात सर आवर्जून सांगत. आलँ फिशर हे नाव मात्र तुझ्यामुळे कळले. १९४९ सालचा जन्म, म्हणजे तुझ्या मोठ्या काकांच्याच वयाचे. शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ, आणि सारी उमेद त्या एका रुग्णालयात घालवलेली. क्लोद ग्रिसेली यांच्या हाताखाली त्यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांवर बोनमॅरो रोपणाचे काम केले, भावंडाचा मॅरो जुळत नसेल तर आईचा किंवा वडिलांचा अर्धा जुळणारा मॅरो कसा चालेल यावर वर्षे घालवली, आणि मग त्या रोगाच्या मुळाशी असलेल्या जनुकाकडे ते वळले. घाई कुठे दिसत नाही. मला या माणसाविषयी आदर वाटू लागला तो इथे, पुढच्या पारितोषिकांमुळे नव्हे.

१९९३ साली ते सदोष जनुक सापडले. १९९९ साली फिशर आणि त्यांच्या सहकारी मरीना काव्हाझाना यांनी बाळाच्या मॅरोतील मूळ पेशी बाहेर काढून, निरुपद्रवी केलेल्या रेट्रोव्हायरस जातीच्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत चांगले जनुक घालून त्या परत बाळाला देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जनुकोपचाराच्या दुसऱ्याच एका चाचणीत दगावला होता आणि या शास्त्रावरचा लोकांचा विश्वास पार उडाला होता. अशा वेळी, एप्रिल २००० मध्ये, पॅरिसचा अहवाल आला: उपचाराच्या वेळी ११ आणि ८ महिन्यांची असलेली दोन बाळे, आणि १० महिन्यांच्या पाहणीनंतर त्यांच्या टी पेशींची संख्या त्याच वयाच्या निरोगी मुलांइतकी. तुला हे सारे पाठ असेल. पण आयुष्यभर लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशी ज्यांत मोडतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मोजत बसलेल्या माणसाला ते वाक्य वाचताना काय झाले असेल, याची कल्पना तुला यावी म्हणून लिहिले.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तू बालवाडीत असशील तेव्हाची. जतकडून एक पाच महिन्यांचे बाळ आमच्या रुग्णालयात आले होते. बीसीजी लसीची जागा चिघळून काखेत गाठी आलेल्या, तोंडात पांढरा थर, आणि खोकला काही केल्या हटत नव्हता. त्याच्या स्लाइडवर मला लिम्फोसाइट दिसेचनात. माझाच काही घोळ झाला असेल म्हणून दुसरी स्लाइड काढली, पेशी दिसाव्यात म्हणून पुन्हा लिशमनचा रंग चढवला, पुन्हा शंभर पेशी मोजल्या, तेच. डॉक्टरसाहेब म्हणाले, असा एक आजार पुस्तकात आहे, पण आपल्याकडे करण्यासारखे काही नाही. बाळाच्या आईने सांगितले की आधीचे दोन मुलगेही असेच गेले, मुलगी मात्र ठणठणीत आहे. आज ते वाक्य आठवले की वाटते, निदान तर तिनेच केले होते. तिने मला विचारले, "दादा, रक्तात काय निघालं?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील." तंत्रज्ञाने याहून अधिक बोलायचे नसते. ते बाळ आठवड्याच्या आत गेले.

तेव्हा तुझे काम मला समजत नाही असे नाही. ते समजते म्हणूनच २००२ सालाशी मी अडखळतो. पहिल्या मुलांपैकी एकाच्या रक्तात, उपचारानंतर सुमारे अडीच-तीन वर्षांनी, लिम्फोसाइट वाढू लागले आणि वाढतच राहिले. बी फोकून पेरले की ते कुठे पडेल याचा नेम नसतो, तसे त्या विषाणूने जनुक गुणसूत्रावर जिथे सापडेल तिथे टाकले होते, आणि काही पेशींत ते एलएमओ२ नावाच्या, वाढीला चालना देणाऱ्या जनुकाशेजारी पडले होते. ज्या आकड्याची शून्यापासून वाट पाहिली, जो चढताना पाहून सगळा विभाग हरखला असेल, तोच आकडा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होऊन बसला. मनू, काचेखाली दोन्ही वेळी दिसते ती पेशीच. ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या रात्री झोप लागली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही; आणि खरे सांगायचे तर त्या माणसाच्या जागी मला सारखी तूच दिसतेस.

तू रडलीस, चिडलीस, आदळआपट केलीस तर मला भीती वाटणार नाही. तू गप्प होतेस. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी ते व्हेंटिलेटरवरचे मूल गेले तेव्हा दिवाळीला घरी आलीस, फराळाला हात लावला नाहीस आणि माळ्यावरचे डबे उतरवून पुसत बसलीस. आईने विचारले, आत्याने विचारले. 'काही नाही' यापलीकडे तू बोलली नाहीस. काय झाले होते ते आम्हाला मार्चमध्ये, तेही तुझ्या मैत्रिणीकडून कळले. इथे निदान माळा तरी होता. तिथे खोलीत एकटी असशील, भाषा नवी असेल, आणि आकडा वाढू लागला तर तो कोणाला सांगशील?

फिशर आणि त्यांचे सहकारी यांनी काय केले ते तू माझ्याहून चांगले जाणतेस. चाचणी थांबवली, आणि काय घडले व कशामुळे घडले हे पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, जगापुढे छापून ठेवले. २०१० साली नऊ मुलांची दीर्घ पाहणी प्रसिद्ध झाली, तीत चौघांना ल्युकेमिया झाल्याचे आणि त्यांतले एक मूल गेल्याचे जसेच्या तसे लिहिले आहे. आठ जिवंत आहेत, हेही त्याच अहवालात आहे. आठ हा आकडा मोठा की एक, हे बापाला विचारू नये. पुढे वाहक विषाणूच बदलला, आणि तो वापरून उपचार केलेल्या नऊ मुलांचा अहवाल २०१४ साली आला, त्यात पाहणीच्या काळात ल्युकेमिया कोणालाही झालेला नव्हता. मधली बारा वर्षे त्या मंडळींनी कशी काढली असतील, हे कुठल्या अहवालात मिळत नाही. मला तेवढेच वाचायचे होते.

तेव्हा तू असे करावेस: पहिल्या महिन्यातच तिथला एखादा वडीलधारा सहकारी हेरून ठेवावास, शंका आली की पुरावा जमेपर्यंत न थांबता त्याच्या कानावर घालावीस, आई-बापांशी बोलताना दुभाष्यावर विसंबू नये, म्हणून फ्रेंच नीट शिकावीस, रात्री जेवण चुकवू नयेस, आणि... पुरे. तू बत्तीस वर्षांची डॉक्टर आहेस, आणि आमचे हे प्रवचन तुला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त ऐकावे लागले आहे. क्षमा कर.

फोनवर मी 'परळला नाही का करता येत?' असेही म्हणालो, ते तुला अधिक लागले असावे. तसे म्हणण्याला आधार नव्हता असे नाही: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी पेशींत जनुक घालून त्या कर्करोगावर सोडण्याच्या) गेल्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली, तेव्हा इथेही हे काम होते. पण काव्हाझाना यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या ज्या मुलावर उपचार केले, त्याचा २०१७ सालचा अहवाल तू मला पाठवला होतास आणि खाली 'गडचिरोली, नंदुरबार' एवढे दोनच शब्द, आपल्याकडे हा आजार जिथे फार आढळतो ते जिल्हे, लिहिले होतेस. ते मी शेजारच्या जोशीकाकांना दाखवले, बँकेत दाखवले, आणि ज्यांना सिकलसेल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्यांना आधी ते समजावून मग दाखवले. तुझ्या आईला हे माहीत आहे. तिनेच तुला सांगू नका म्हटले होते.

फिशर २०२० साली सत्तरी उलटल्यावर फ्रान्सच्या कोविड लसीकरणाचे मार्गदर्शक झाले आणि लोकांच्या शंकांना सामोरे गेले. म्हणजे बोलणारा माणूस आहे. तिथे बोलायची रीत असेल असे मी धरून चालतो. तरी विचारतो: तू बोलशील ना?

फोन रविवारीच कर, आईची वेळ मोडू नकोस. 'सगळे छान चालले आहे' असे मला सांगू नकोस; काउंट किती आहे ते सांग.

तुझे,
बाबा

ता. क. : बँकेच्या फॉर्मवर तुझी सही राहिली आहे. आत्याने मेतकूट केले आहे, ते सामानात बसत नसेल तर निदान नेते आहे असे तिला म्हण.