पोस्टरवरचा थेंब आणि खरा थेंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 मार्चचा जागतिक जलदिन आला की शाळांच्या भिंतींवर 'पाणी वाचवा'ची पोस्टरं लागतात. रडणारी पृथ्वी, गळका नळ आणि वर टोक, खाली गोल असा निळा थेंब. भावना चांगली आहे, पण थेंब चुकीचा आहे. पडत्या पावसाच्या थेंबाला टोक नसतं. एक-दोन मिलिमीटरचा थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो. त्याहून मोठा असला तर समोरच्या हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, वड्यासारखा. हे फळ्यावर सांगून मुलांना पटत नाही, त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोत दिसलं की पटतं. त्यासाठी भारी कॅमेरा नको. वर्गात एक बरा मोबाइल आणि औषधाच्या दुकानातून आणलेला सलाइनचा नवा सेट पुरतो.

सेटची सुई शिक्षकांनी आधीच काढून टाकावी. पाण्याची प्लास्टिकची बाटली उलटी टांगून बुचात सेटचं अणकुचीदार टोक खुपसायचं आणि आता वर आलेल्या बुडाला बारीक भोक पाडायचं. हे भोक राहून गेलं तर आत हवा जात नाही, थोड्या वेळात थेंब थांबतात आणि मुलं नळीत दोष शोधत बसतात. नळीवरचं चाक फिरवून सेकंदाला एक थेंब येईल असं ठेवावं. पाकिटावर बहुधा '20 थेंब = 1 मिली' छापलेलं असतं, पण ते सेटच्या आतल्या चेंबरपुरतं खरं. नळीच्या टोकावरून सुटणारा थेंब वेगळ्या आकाराचा असू शकतो. म्हणून औषधाच्या मापात 5 मिली भरेपर्यंत थेंब मोजायला लावावेत आणि भागाकार मुलांनाच करू द्यावा.

नळीच्या टोकापासून 45 सेंटिमीटर खाली ताटली ठेवली की थेंब सेकंदाला सुमारे 3 मीटर वेगाने आपटतो. शटर (कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ) 1/100 सेकंद असेल तर तेवढ्यात तो 3 सेंटिमीटर सरकतो, फोटोत नुसती रेघ येते. मोबाइलच्या 'प्रो' मोडमध्ये 1/2000 केलं की सरकणं दीड मिलिमीटरवर येतं आणि आकार ओळखू येतो. रेघही टाकून देऊ नये: तिची लांबी भागिले शटरचा वेळ म्हणजे वेग. पावसात काळ्या भिंतीसमोर हाच हिशेब जमतो. 2 मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास पडतो, म्हणजे 1/60 सेकंदात सुमारे 11 सेंटिमीटरची रेघ. फक्त मोजपट्टी थेंबाच्याच प्रतलात धरावी. मागच्या भिंतीला चिकटवली तर माप चुकतं.

फोकस हमखास फसतो, कारण थेंब येईपर्यंत मोबाइलला धरायला काहीच नसतं. थेंब पडतो त्या जागी पेन्सिलचं टोक धरायचं, पडद्यावर बोट दाबून फोकस व एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) लॉक करायचं, मग पेन्सिल काढायची. एचडीआर बंद ठेवावं. त्यात अनेक फोटो एकत्र जोडले जातात आणि एका थेंबाचे दोन दिसतात. मोबाइलचा फ्लॅशही नको, थेंबावर पांढरा ठिपका तेवढा उमटतो. काम उन्हाच्या उजेडात करावं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि स्लो-मोशनमध्ये चित्रावर काळे पट्टे फिरतात.

सेकंदाला 240 चौकटींच्या स्लो-मोशनमध्ये पोस्टरवाल्या टोकाचाही उलगडा होतो. नळीपासून सुटताना थेंबाला क्षणभर शेपूट असते, ती लगेच आत ओढली जाते आणि थेंब लांबट-चपटा असा थरथरत खाली जातो. ताटलीत पाण्याचा पातळ थर असला तर आपटल्यावर मुकुट उठतो. वाटीत तीन-चार सेंटिमीटर खोल पाणी असेल तर आधी खड्डा पडतो आणि त्यातून खांब वर येतो. पाण्यात चमचाभर दूध घातलं की कडा स्पष्ट दिसतात.

या अभ्यासाचा आद्य माणूस, इंग्लंडचा आर्थर वर्थिंग्टन, आधी ठिणगीच्या उजेडात डोळ्यांनी पाहून थेंब फुटण्याची चित्रं काढी. ती फार सुबक, सगळीकडून सारखी होती. पुढे फोटो हाती आले तेव्हा त्याला दिसलं की थेंब तसे नेटके फुटत नाहीत. पोस्टर रंगवणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

'अळवावरचं पाणी' म्हणतो आपण, पण त्याचा फोटो किती जणांनी काढला असेल? बाजारातल्या जुडीच्या पानांवरचं मेण हाताळून गेलेलं असतं, तेव्हा पान परसातलं ताजं घ्यावं. अर्ध्या पानावर अंगठा घासून दोन्ही अर्ध्यांवर एकेक थेंब ठेवावा. एक गोळी होऊन गडगडतो, दुसरा पसरतो. मोबाइल पानाच्या पातळीला आणला की गोळीखाली चांदीसारखी चकाकी दिसते: मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमध्ये हवा अडकते आणि तिथून प्रकाश पूर्ण परावर्तित होतो. चिकाने खाज सुटते, हात धुवायला लावावेत.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून दर पाच मिनिटांनी फोटो घेतानाही एक्स्पोजर लॉकच हवं. नाहीतर मोबाइल प्रत्येक फोटो आपणहून उजळतो आणि गाळ न बसताच पाणी निवळल्याचं दिसतं!

जलदिनाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती: पोस्टरं ठेवा, पण सोबत फोटोंचा एक विभाग काढा. अटी तीनच असाव्यात. चौकटीत मोजपट्टी हवी, फिल्टर नको, आणि फोटोखाली शटर, उंची व फोटोवरून काढलेला एक तरी आकडा मुलाच्या अक्षरात हवा. रंगसंगतीला गुण नकोत.

आपले,
दोन विज्ञानशिक्षक, जि. रत्नागिरी