कॅसेटचा डबा उन्हात ठेवू नकोस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, पाऊस ओसरला, आता माळ्यावरचं सगळं काढून अंगणात वाळवते. आई, बाकी काय हवं ते वाळव, पण कॅसेटचा पत्र्याचा डबा उन्हात ठेवू नकोस. उन्हाने प्लॅस्टिक वाकतं आणि आतली टेप अडकते. घरातच कोरड्या कपाटात कॅसेट उभ्या लावून ठेव. आणि बाबा, आपला जुना टू-इन-वन, तो रेडिओ-कॅसेटचा, लावून बघू नका. का, ते सांगते.

ऑफिस सुटल्यावर हे कॅसेट वाजवायचे डेक कसले उघडून बसतेस, असं तुम्ही विचारलं होतंत. इथल्या जुन्या बाजारातून एक बंद पडलेला डेक आणला, तिथून नाद लागला. झाकण काढलं तर मोटरने चाकं फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याच्या जागी नुसतं डांबर. रबराचे काही पट्टे पडून पडून विरघळतात आणि चाकांना चिकटून बसतात; बोटाला लागलं तर साबणाने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून ते चाकाच्या खाचेतून पुसून काढायचं. मापायला जुना पट्टा उरलेलाच नसतो, म्हणून चाकांभोवती दोरा फिरवून लांबी घ्यायची आणि नवा पट्टा त्याहून साधारण ५ टक्के आखूड घालायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घातली की मापाचा पट्टा मिळतो.

मोटर फिरली म्हणजे डेक झाला असं नाही. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरच सरकली पाहिजे. आई, भजनाला पेटीवर बसणाऱ्या तुला हे लगेच कळेल: वेग ६ टक्क्यांनी वाढला की पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं. मी ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणीची टेप लावते आणि मोटरच्या भोकातून आतला बारीक स्क्रू जरा जरा फिरवत तो सूर जागेवर आणते. ऑफिसात आठवडाभर काम करूनही आपल्या हातून नेमकं काय झालं ते दिसत नाही. इथे प्रत्येक बिघाडाला कारण असतं, ते डोळ्यांनी दिसतं आणि माझ्या हाताने सुटतं. मला याची फार गरज होती, बाबा.

आता खरी गोष्ट. गणपतीत येताना मी डब्यातली एकच कॅसेट आणली होती, काकांची, मस्कतहून आलेली. तेव्हा फोन महाग, आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून काका पत्र बोलून पाठवायचे. माझ्या नीट केलेल्या डेकवर ती लावली तर आवाज घोंगडीआडून आल्यासारखा. डेक ठीक, टेपही ठीक, मग अडलं कुठे? टेपला टेकून तिच्यावरचा आवाज उचलणारं जे हेड असतं, त्याची फट केसाहून कितीतरी बारीक असते. ज्या रेकॉर्डरवर आवाज भरला त्याचं हेड अगदी थोडं कललेलं असेल, तर ऐकतानाही तितकंच कललेलं हवं. नाहीतर वरचे सूर आणि ‘स’, ‘श’ पुसट होतात. हेडच्या शेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवूनच तो पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला आणि काका एकदम समोर बसून बोलावेत तसे स्वच्छ बोलू लागले. मागे कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं, तेही ऐकू आलं. म्हणजे आता प्रत्येक टेपसाठी हेड तिच्या तिच्या रेकॉर्डरप्रमाणे लावावं लागणार, आणि ते मी आनंदाने करीन.

तिकडच्या यंत्रावर भरलेली कॅसेट रत्नागिरीत वाजायची, यात त्या वेळी आपल्याला काही विशेष वाटलं नाही. पण १९६३ साली फिलिप्सच्या लू ओटेन्स यांच्या गटाने ही कॅसेट बर्लिनच्या प्रदर्शनात आणली आणि पुढे फिलिप्सने ती बनवायचा परवाना इतर कंपन्यांना फुकट दिला, म्हणून जगभर तीच रुंदी आणि तोच वेग राहिला. ओटेन्स २०२१ मध्ये गेले. त्यांचे उपकार आपल्या घरावरही आहेत असं मी मानते.

काकांचं बोलणं संपलं, बटणाचा खट्ट आवाज आला, आणि पुढे आजी. वाक्याच्या मध्येच: “...तुझ्या वाटणीचं कुळथाचं पीठ येणाऱ्याबरोबर धाडत्ये, आणि दाढी वाढवू नको हो.” तीच कॅसेट इकडून तिकडे फिरायची ना! आजीच्या उत्तरावरच काका आपलं पत्र भरायचे. नवं भरताना जुनं पुसलं जातं, पण रेकॉर्डिंग जिथे थांबलं तिथपर्यंतच. काका आजीपेक्षा कमी बोलले, म्हणून शेवटी आजी उरली. डब्यातल्या बाकीच्या कॅसेटच्या शेवटीही ती असेल, असं माझं मन सांगतं.

म्हणून एवढं सांभाळा. जुन्या यंत्राचे पट्टे गेलेले असणार. त्यात एकदा टेप गुंतून चुरगळली की तो तुकडा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. बाबा, प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे असतात, ते स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका; मग चुकून वर काही भरलं जाणार नाही. खिडकीतून आत पाहा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. पुसू नका, मी बघते. तशीच वाजवली तर बुरशी हेडला लागते आणि तिथून दुसऱ्या टेपला.

आणखी एक. आजीच्या ज्या कॅसेटवर पुढे काही भरलं गेलं नाही, त्या काकांकडेच राहिल्या असतील. त्यांना माझा नमस्कार सांगून विचारा. काकू जुनं काही टाकत नाही, तेव्हा आशा आहे. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. डेक सोबत आणीन, त्यामुळे बाबा, स्टँडवर रिक्षा सांगून ठेवा, तो चांगला जड आहे.

तुमची,
मनू