मुलांची झोप सकाळपासून मागे मोजावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आमचा मुलगा रात्री बारापर्यंत झोपतच नाही’, ही कौतुकमिश्रित तक्रार बालवाडीत शिकवत असताना मी अनेक पालकांकडून ऐकली. घरातले दिवे, दूरचित्रवाणी आणि मोठ्यांच्या गप्पाही तोवर चालूच असतात, हे पुढच्या बोलण्यातून उमगत असे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तर तीन ते चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी. सकाळी साडेसहाला उठावे लागणाऱ्या आणि दुपारची झोप सुटलेल्या चार वर्षांच्या मुलाला यातील किमान दहा तास मिळायचे, तर रात्री साडेआठला त्याचा डोळा लागलेला असला पाहिजे. असा उलटा हिशेब फारसे कोणी करत नाही, कारण झोपेला मुलाच्या लहरीवर सोडण्याची आपल्याला सवय झाली आहे.

झोप अपुरी झाली की मोठा माणूस पेंगतो. लहान मूल मात्र पुष्कळदा अधिकच धावते, हट्टाला पेटते, एवढ्यातेवढ्यावरून रडते आणि आपण त्याचा अर्थ ‘अजून दमलेला दिसत नाही’ असा लावतो. त्याला शांत करण्यासाठी मग मोबाइल हाती दिला जातो. अंधार पडू लागल्यावर शरीरात मेलाटोनिन हे झोपेकडे नेणारे संप्रेरक वाढते आणि प्रकाशाने ते दबते. त्यातच मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असल्याने हा परिणाम मोठ्यांपेक्षा त्यांच्यावर अधिक होतो. झोपण्याआधी तासभर मोबाइल व दूरचित्रवाणी बंद आणि दिवे मंद ठेवावेत, असे सांगतात ते यासाठीच.

रात्री वारंवार उठणाऱ्या मुलांबाबत एक अनुभव सांगते. मांडीवर पूर्ण झोपल्यावरच ज्याला अंथरुणात ठेवले जाते, ते मूल मध्यरात्री जाग येताच तीच मांडी शोधते. पेंगुळलेले, पण जागे असतानाच त्याला अंथरुणात ठेवण्याची सवय लावता येते. अर्थात तान्ह्या बाळाकडून ही अपेक्षा करू नये, आणि थोड्या मोठ्या मुलाच्या बाबतीतही दोन दिवसांत हार मानू नये. रोज घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल मात्र ‘गाढ झोपले आहे’ असे समजून दुर्लक्षू नये. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्यानेही असे होते, तेव्हा त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कामावरून उशिरा परतणाऱ्या आईवडिलांना मुलाचा सहवास रात्रीच मिळतो, ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर सोपे उत्तर नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने रात्रीचा खेळ सकाळी हलवला. मूल लवकर झोपते, आपोआप लवकर उठते आणि घराबाहेर पडण्याआधीचा पाऊण तास तिघांचा असतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका