बाटलीआडचं भोक

कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

ड्रेसिंग करताना हात थरथरले आणि सिनिअर सगळ्यांदेखत बोलल्या, असं तू परवा रडत सांगितलंस. शेजारी बसून बाबा 'परत ये म्हण तिला' असं खुणावत होते, त्यामुळं मला धड बोलता आलं नाही.

व्हिव्हियन बुलविंकल माहीत आहे ना? ऑस्ट्रेलियन सैन्यातली नर्स, वय 26. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडायच्या बेतात होतं, तेव्हा 65 नर्सेसना जहाजातून बाहेर काढलं. जपानी विमानांनी ते जहाज सुमात्राजवळच्या बांका बेटापाशी बुडवलं. किनाऱ्याला लागलेल्या 22 जणींना जपानी सैनिकांनी 16 तारखेला समुद्रात चालायला लावलं आणि मागून मशिनगन चालवली. 21 गेल्या. हिच्या कमरेच्या जरा वर गोळी शिरून आरपार गेली. ही मेल्याचं सोंग घेऊन पाण्यात पडून राहिली.

लोक इथंच थांबतात. माझी वॉर्डात तीस वर्षं गेली, त्यामुळं मला पुढचं मोठं वाटतं. जंगलात तिला किंग्जली नावाचा जखमी इंग्रज शिपाई भेटला. स्वतःच्या कुशीत भोक असताना बारा दिवस तिनं त्याचं सगळं केलं. गावातल्या बाप्यांनी हात झटकले, बायकांनी गुपचूप खायला दिलं. (आपल्याकडंही असंच झालं असतं म्हणा.) मग दोघं शरण गेले. ही त्या किनाऱ्यावरची साक्षीदार आहे हे कळतं तर जीवच गेला असता, म्हणून गणवेशावरच्या भोकावर तिनं पाण्याची बाटली लटकवली. साडेतीन वर्षं कैदेत काढली. युद्धानंतर टोकियोत युद्धगुन्ह्यांचा खटला चालला, त्यात उभं राहून साक्ष दिली. 65 पैकी 24 जणीच घरी परतल्या. तो गणवेश कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे.

मला ती बाटली सारखी दिसते. भेदरलेल्या माणसाला असलं सुचतं का? पण भेदरली नसेल कशावरून?

माझ्या पहिल्या भाजलेल्या पेशंटच्या वेळी चिमट्यातला गॉज दोनदा खाली पडला. थरथर गेली नाही. मी मनगट कॉटच्या कडेला टेकवून काम करायला शिकले. तू करून बघ. सिनिअर बोलल्या ते बरोबरच, पण पेशंटसमोर नको होतं.

कांदा-लसूण चटणी पाठवतेय, मैत्रिणींना दे. आणि कळव, हात चिमटा उचलायच्या आधी थरथरतात की नंतर? माझे नंतर थरथरायचे.

तुझी,
आई