बॉटची किल्ली एकाच्याच खिशात नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत स्वतःचा चॅटबॉट बनवून बघावा असं लिहिलेलं वाचलं, मनापासून आवडलं, कारण मी स्वतः गेली बरीच वर्षं आमच्या पुण्यातल्या एका छोट्या ओपन सोर्स ग्रुपचा, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा, बॉट सांभाळतोय. पण बॉटचा ताबा एकट्याकडे ठेवू नये ही एक गोष्ट त्यात आलीच नाही आणि ती आली नाही तर मुलं तीच चूक करतील जी मी केली, म्हणून हे पत्र.

आमचा बॉट आयआरसीवर, म्हणजे इंटरनेट रिले चॅटवर चालतो. हल्लीच्या मुलांनी हे नाव फारसं ऐकलेलं नसतं, पण ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलेलं हे चॅट आजही चालू आहे आणि ओपन सोर्सची काही कामं तिथे बोलली जातात. बॉट म्हणजे तिथे बसलेला एक मेंबरच, फक्त माणसाच्या जागी प्रोग्राम. आमचा लिम्नोरिया आहे, म्हणजे जुन्या सुपीबॉटवरून पुढे वाढवलेला, पायथनमध्ये लिहिलेला. मीटिंगचा लॉग ठेवणं, नवीन आलेल्याला लिंक देणं, कोणी विचारलेला प्रश्न ज्याला विचारलाय तो ऑनलाइन आला की पोचवणं, ही सगळी कामं तो करतो.

आता खरी गंमत आहे ती त्याला नेटवर्कवर ठेवण्यात. पूर्वी तो माझ्या घरी कोथरूडला जुन्या डेस्कटॉपवर चालायचा आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की राउटर बंद, मग आयआरसीचा सर्व्हर पिंग करतो, म्हणजे आहेस का असं विचारतो, त्याला उत्तर जात नाही आणि थोड्या वेळाने पिंग टाइमआउट म्हणून बॉट बाहेर. लाइट आली की तो आपोआप परत येतो खरा, पण काही वेळा सर्व्हरच्या लेखी जुनं कनेक्शन अजून जिवंत असतं, त्यामुळे त्याचं नाव अडकलेलं असतं आणि तो शेपटीला अंडरस्कोर लावून येतो, मग चॅनलवर, म्हणजे आमच्या गप्पांच्या खोलीत, त्याला अधिकार मिळत नाहीत, लोक त्याच्या जुन्या नावाने हाका मारत बसतात. अशा वेळी ओनरने, म्हणजे बॉटवर सगळ्यात वरचा अधिकार असलेल्याने, रिकनेक्ट म्हणायचं, बॉट तुटतो आणि परत जोडला जातो. कनेक्ट, डिसकनेक्ट, रिकनेक्ट या तिन्ही कमांड फक्त ओनरला चालतात, साध्या ॲडमिनलासुद्धा नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर येणारा जाणारा कोणीही बॉटला कुठेही नेऊन सोडेल.

या कमांडची ताकद मी मे २०२१ मध्ये बघितली. फ्रीनोड हे तेव्हाचं ओपन सोर्सवाल्यांचं आयआरसीवरचं मोठं नेटवर्क, तिथले स्वयंसेवक मालकीच्या वादावरून बाहेर पडले आणि १९ मे ला त्यांनी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क जाहीर केलं. इथे कोरोनाची दुसरी लाट चालू, प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी आजारी, कोणाला ईमेल बघायला वेळ नाही. आम्ही बॉटला फक्त एक कनेक्टची कमांड दिली, नेटवर्कचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता, एनक्रिप्टेड पोर्ट ६६९७, बस. तो एकाच वेळी दोन्हीकडे बसला आणि तशी सोय लावून दिल्यावर इकडचं तिकडे पोचवू लागला. नेटवर्क्स म्हटलं की कुठे कुठे जोडलाय ते सांगायचा, लेटन्सी विचारली की किती उशिराने उत्तर येतंय ते सांगायचा. महिनाभर जुन्या ठिकाणी आलेल्या प्रत्येकाला नवा पत्ता देत राहिला. कोणी हरवलं नाही. मला आजही त्याचं फार समाधान वाटतं.

आणि मग गेल्या वर्षीची गोष्ट. तोपर्यंत बॉट भाड्याच्या सर्व्हरवर गेला होता आणि फक्त लिबेरावर होता. नव्या मुलांचं पहिलं सेशन संध्याकाळी, मी मुंबईच्या बसमध्ये, फोनवरून बघितलं तर बॉट अंडरस्कोर लावून बसलेला. रिकनेक्ट करायचं होतं, घाईत फोनने सुचवलेला शब्द दाबला आणि गेलं डिसकनेक्ट. नेटवर्कचं नाव दिलं नाही तर ज्या नेटवर्कवरून कमांड दिली तेच तो धरतो. म्हणजे ज्या एकमेव ठिकाणी आम्ही त्याच्याशी बोलू शकत होतो तिथूनच तो गेला. आता कनेक्ट म्हणायचं तरी कोणाला? दोन नेटवर्कवर असता तर दुसऱ्या बाजूने बोलावता आला असता. भाड्याच्या सर्व्हरवर लॉगिन करून चालू करणं एवढाच मार्ग उरला आणि त्या लॉगिनची डिजिटल की (किल्ली) घरच्या लॅपटॉपमध्ये. पहिल्या वर्षाची चौदा मुलं लिंकची वाट बघत चॅनलवर बसली होती, त्यातली एक मुलगी वाघोलीहून दोन बस बदलून मैत्रिणीकडे आली होती कारण तिच्याकडे नेट नव्हतं. तिला त्या दिवशी तसंच परत जावं लागलं. हे मला अजून टोचतं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की चुकीचा शब्द दाबला जाणं ही छोटी चूक, मोठी चूक म्हणजे ओनर एकटा मीच होतो. आणि लिम्नोरियात ओनरचा अधिकार चॅटमधून कमांड देऊन कोणाला देताच येत नाही, मुद्दामच तसं ठेवलंय. सर्व्हरवर बसून युजर ॲड करताना किंवा युजरच्या फाइलमध्ये तो लिहावा लागतो. म्हणजे अडचण आल्यावर दुसरा ओनर करू म्हटलं तर वेळ गेलेली असते, तो आधीच करून ठेवायचा असतो.

आता आमच्याकडे दोन ओनर आहेत, एक मी आणि एक दुसऱ्या वर्षाची मुलगी, दोघांकडेही सर्व्हरची स्वतंत्र की. पासवर्ड देऊन ओळख पटवायची ती बॉटच्या प्रायव्हेट मेसेजमध्येच, चॅनलवर कधीच नाही, हे तिला मी तीन वेळा सांगितलं असेल. कमांडमध्ये नेटवर्कचं नाव दर वेळी लिहायचंच असा नियम केलाय. आणि एक कमांड सगळ्या नेटवर्कवर एकदम चालवायची सोय आहे ती दोघांनी ठरवल्याशिवाय वापरायची नाही.

टेलिग्रामवर बॉट चालवणाऱ्या मंडळांना आणि सोसायट्यांनाही हे लागू आहे हो. तिथे बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडून मिळालेलं टोकन, म्हणजे गुप्त किल्लीसारखा अक्षरांचा संच, ज्याच्या हाती त्याच्या ताब्यात बॉट, आणि ते टोकन बऱ्याचदा कार्यकर्त्यांच्या ग्रुपमध्येच टाकलेलं मी बघितलंय. तसं झालं असेल तर आजच जुनं रद्द करून नवीन घ्या, तिथेच सोय आहे. आणि ज्या मुलाने बॉट बनवला तो नोकरीला बेंगळुरूला गेला की काय करायचं हे तो इथे असतानाच विचारून ठेवा.

संपादक साहेब, पुढच्या लेखात एवढं नक्की घ्या, कॉलेजं सुरू व्हायच्या आत आलं तर जास्त बरं. कुठल्या कॉलेजच्या मुलांना प्रत्यक्ष बसून दुसरा ओनर कसा करायचा ते बघायचं असेल तर मी रविवारी सकाळी मोकळा असतो, तुमच्या ऑफिसात माझा नंबर देऊन ठेवलाय.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे