शर्यतीच्या निकालात तीन रकाने हवेत

महोदय,

शिडाच्या बोटींच्या शर्यतीची बातमी छापून येते तेव्हा बहुधा पहिल्या तीन बोटींची नावेच असतात. काठावर उभे राहून शर्यत पाहिलेला माणूस ती वाचून चक्रावतो, कारण सर्वांआधी रेषा ओलांडलेली बोट यादीत तिसरी निघते. त्यात लबाडी काही नसते. लांब-आखूड, हलक्या-जड बोटी एकत्र उतरवायच्या म्हणजे हँडिकॅप, अर्थात बोटीच्या वेगानुसार वेळेत दिलेली सूट, आलाच. पण हे वाचकाला पटायचे तर प्रत्येक नावापुढे तीन आकडे हवेत : प्रत्यक्ष लागलेला वेळ, बोटीचे रेटिंग (तिच्या वेगावरून ठरवलेला आकडा) आणि सूट धरून येणारा सुधारित वेळ. कित्येक क्लबांच्या फळ्यावरही हे रकाने नसतात, आणि वादाला तोंड तिथेच फुटते.

चौथी गोष्ट पद्धतीची. ‘पीएचआरएफ’ या हँडिकॅप पद्धतीत रेटिंग म्हणजे सागरी मैलामागे सेकंद, आकडा मोठा तितकी बोट मंद. समजा, एका बोटीचे रेटिंग 90, दुसरीचे 150, मार्ग 6 सागरी मैलांचा. वारा मंद होता. पहिलीला 1 तास 30 मिनिटे लागली, दुसरीला 1 तास 37 मिनिटे 10 सेकंद. अंतरावर सूट द्यायची तर रेटिंग गुणिले मैल वजा करायचे : पहिलीचे 5400 उणे 540, म्हणजे 4860 सेकंद, दुसरीचे 5830 उणे 900, म्हणजे 4930. पहिली 70 सेकंदांनी जिंकली. आता तीच शर्यत वेळेवर सूट देऊन मोजा. गुणक काढायचा 650 भागिले (550 अधिक रेटिंग), आणि त्याने लागलेला वेळ गुणायचा. पहिलीचे होतात 5484 सेकंद, दुसरीचे 5414. दुसरी 70 सेकंदांनी जिंकली! बोटी त्याच, घड्याळ तेच, विजेता वेगळा.

कारण सरळ आहे. अंतरावरची सूट वारा कसाही असो, तेवढीच राहते. या उदाहरणात 360 सेकंद. वारा पडून शर्यत लांबली की बोटींच्या वेळांतला फरक वाढतो, सूट मात्र वाढत नाही, म्हणून मंद बोट मार खाते. वेळेवरची सूट शर्यतीबरोबर ताणली जाते. सूत्रातला 650 हा आकडा केवळ गुणक एकच्या आसपास राहावा म्हणून आहे, त्याने क्रम बदलत नाही. 550 मात्र निकाल फिरवू शकतो. काही ठिकाणी जोराच्या वाऱ्यात तो 480 आणि फारच मंद वाऱ्यात 600 धरतात. हरकत नाही, पण कोणत्या वाऱ्याला कोणता आकडा, हे शर्यतीच्या सूचनापत्रात आधी लिहिलेले हवे. बोटी परत आल्यावर आकडा निवडणे म्हणजे विजेता निवडणेच.

अंतरावर सूट देणाऱ्या क्लबांचे हिशेब बहुतेक वेळा अंतरातच चुकतात. धरायचे ते अंतर एका मार्कपासून (वळणाची खूण म्हणून ठेवलेल्या तरंगत्या बोयेपासून) दुसऱ्या मार्कपर्यंतचे सरळ रेषेतले, सागरी मैलांत. एक सागरी मैल 1852 मीटरचा. बोटीच्या जीपीएसवर दिसते ते नव्हे. वाऱ्याच्या तोंडावर सुमारे 45 अंशांनी वळणे घेत जाताना बोट सरळ अंतराच्या साधारण 1.4 पट पाणी कापते, आणि तो आकडा हिशेबात घुसला तर मंद बोटीला फुकटची सूट मिळते. याहून मोठी चूक होते शर्यत मधेच आखूड केल्यावर. तीन फेऱ्यांचे 6 मैल दोनच फेऱ्यांवर थांबवले, म्हणजे अंतर 4 मैल. पण गणिताच्या तक्त्यात 6 तसेच राहून गेले, तर वरच्या दुसऱ्या बोटीच्या पदरात पहिलीच्या तुलनेत 120 सेकंद जास्तीचे पडले. शर्यत संपल्यावर अंतराची चौकट नव्याने भरायची, हा नियम निकाल मांडणाऱ्याने स्वतःलाच घालून घ्यावा.

डिंगी वर्गाच्या छोट्या बोटींना पोर्ट्समथ यार्डस्टिक ही हँडिकॅप पद्धत सोपी पडते : लागलेला वेळ गुणिले 1000, भागिले बोटीचा यार्डस्टिक क्रमांक (तोही मोठा तितकी बोट मंद). 1100 क्रमांकाची बोट 55 मिनिटांत आणि 1300 ची 65 मिनिटांत आली, तर दोघींचा सुधारित वेळ 50 मिनिटे. अंतराची भानगडच नाही. मंद बोटींना एक फेरी कमी देऊनही निकाल लावता येतो : 3 फेऱ्यांना 48 मिनिटे, तर 4 फेऱ्यांना 64 धरायची. मात्र भरती-ओहोटीचा जोर फेरीगणिक बदलत असेल तर हे सरासरीचे गणित लंगडे पडते. ‘आयआरसी’ आणि ‘ओआरसी’ या पद्धतींची रेटिंगची प्रमाणपत्रे बोटीच्या मोजमापांवर मिळतात. पहिलीचे सूत्र गुप्त, दुसरीचे जाहीर. सायंकाळच्या क्लब शर्यतींसाठी एवढा खटाटोप करायची गरज नसते.

रेटिंगबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ते माणसांचे असते असे वाटणे. गोल्फमध्ये हँडिकॅप खेळाडूला मिळतो. इथे तो बोटीला. तळ स्वच्छ, शिडे चांगली, खलाशी सराईत असे गृहीत धरूनच आकडा ठरतो. तळाला शेवाळ, पोट सैल पडलेले शीड आणि उशिरा केलेली सुरुवात यांची भरपाई कोणतेही रेटिंग देत नाही. बदलते ते सामानामुळे : इंजिनाचे प्रोपेलर पाती न मिटणारे असेल तर मैलामागे काही सेकंद पदरात पडतात, ठरलेल्यापेक्षा मोठे पुढचे शीड लावले तर काही जातात. नवे शीड घेतले आणि समितीला कळवले नाही, तर जुना आकडा खोटा ठरतो.

नवशिक्यांना बक्षिसाची आशा वाटावी म्हणून काही क्लब दर शर्यतीनंतर कामगिरी पाहून वैयक्तिक हँडिकॅप हलवतात. कल्पना चांगली, पण त्याचा चषक वेगळा ठेवावा. दोन्ही हिशेब एकाच यादीत मिसळले की मुद्दाम हळू जाऊन आकडा वाढवून घेणारे निघतातच. आणि बोटीचे मूळ रेटिंग मालिका चालू असताना बदलू नये; आकडा चुकीचा लिहिला गेला असेल तर गोष्ट वेगळी.

अर्थात एका आकड्यात बोट पूर्ण मावत नाही. जड कीलबोट (तळाला वजनदार पाते असलेली बोट) मंद वाऱ्यात रेंगाळते, हलकी डिंगी जोराच्या वाऱ्यात पाण्यावर तरंगत सुटते. पुढच्या बोटी पोहोचल्यावर वारा पडला तर मागच्यांचे नशीब कोणतेही सूत्र बदलत नाही. म्हणून एका शर्यतीवरून रेटिंग बदलण्याची मागणी आली तर ती बाजूला ठेवावी. निरनिराळ्या वाऱ्यांतल्या अनेक शर्यतींचे आकडे, तेही नीट चालवलेल्या बोटींचे, समोर असतील तेव्हाच बोलावे.

तीन रकान्यांना जागाच नसेल, तर क्लबांनी अधूनमधून पाठलागाची शर्यत घ्यावी. तिथे सूट सुरुवातीलाच दिली जाते. सर्वांत मंद बोटीसाठी 90 मिनिटांची शर्यत धरली, तर 1300 क्रमांकाची बोट शून्य मिनिटाला सुटते आणि 1100 ची 14 व्या मिनिटाला (90 गुणिले 200 भागिले 1300; येतात 13.8). नव्वदाव्या मिनिटाला भोंगा वाजतो, त्या क्षणी पुढे असेल ती बोट पहिली. शेवटच्या मार्कभोवती गर्दी होते, टक्कर टाळण्यासाठी तिथे एक निरीक्षक बोट जास्तीची ठेवावी लागते. बातमीत मात्र नुसती नावे छापली तरी चालतात.

– शर्यतींचे निकाल मांडणारा एक वाचक