जुईचा फॉर्म

प्रिय सुध्या,

इतके महिने पत्र नाही, शिव्या घाल. पण आजचं तुलाच कळेल. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे.

आमच्या जुईने हॉस्टेलचा फॉर्म परस्पर भरला. लॉ करायचंय म्हणते. कान तर जन्मापासूनच अधू, आता रात्रीचं काहीच दिसत नाही आणि दिवसाही नजर कडेने आवळत चाललीय, डॉक्टरांनी अशर सिंड्रोम सांगितला होता ते तुला माहितीये. मी नाही म्हटलं तर हाबेन गिर्मा ऐकवली. डेफब्लाइंड, म्हणजे कान-डोळे दोन्ही अधू, आई इरिट्रियातून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेली, पोरगी २०१३ ला हार्वर्डमधून वकील झाली. समोरच्याने कीबोर्डवर टाइप करायचं, तिच्या बोटांखाली ब्रेलचे ठिपके वर येतात. ओबामानेही तसंच टाइप केलं म्हणे. पंधराव्या वर्षी आफ्रिकेत माली देशात शाळा बांधायला निघाली तेव्हा तिचे आईबाप पण नाहीच म्हणत होते, हे जुईने मुद्दाम दोनदा सांगितलं, बाई वकीलच होणार.

मी अडकलो ते कँटीनपाशी. हाबेनच्या कॉलेजात मेन्यू छापील, ई-मेलवर पाठवा म्हटलं तर मॅनेजरला वेळ नाही. मग कितीतरी महिने मिळेल ते ताटात घ्यायचं आणि चाखल्यावर कळायचं काय आलंय. शेवटी तिने अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या एडीए कायद्यावर बोट ठेवून केस करीन असं लिहिलं, तेव्हा मेन्यू यायला लागला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या अंध मुलाला तो न भांडता मिळाला. पुढे ऑनलाइन पुस्तकं अंधांनाही वाचता यावीत म्हणून स्क्रिब्ड कंपनीवर केस करणाऱ्या वकिलांतही ती होती.

सुध्या, जुई मागत नाही रे. लाईट लाव म्हणत नाही, बोलताना तोंड माझ्याकडे कर म्हणत नाही. पाहुण्यांत सगळे हसले की ही पण हसते, एक सेकंद उशिरा. ती पडेल, चुकेल, त्याची भीती नाही मला, गपचूप समोर येईल ते खात बसेल याची आहे. आणि फॉर्म मात्र न विचारता भरते, आता बोल! तू ट्रेकच्या वेळी म्हणाला होतास, पोरीला शोकेसमध्ये ठेव एकदाची. किती दिवस बोललो नव्हतो आपण, आणि मोऱ्याने मध्यस्थी करून दोघांकडून पार्टी उकळली. तरी शोकेसवाला शब्द तू मागे घेतलेला नाहीस, लक्षात आहे माझ्या.

फी या महिन्यात भरायचीय. भरीन बहुतेक. त्याआधी तू तिला मेसेज कर, मोठ्या अक्षरात, आणि माझी बाजू घेऊ नकोस.

वहिनींची बदली झाली का? चिरंजीवांचं ठरलं असं मोऱ्याकडून कळतंय, लाज वाटू दे.

तुझा,
दिल्या